काबरेंनी विचारलेले दोन प्रश्न

कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या माणसाला महिना-दोन महिने वाटायचं, की ड्रॉइंग ऑफिसातल्या त्या उंच, किडकिडीत इंजिनियरचं आडनाव काबरे आहे. ते आडनाव नव्हतंच. कुठलीही गोष्ट समोर आली, की त्यांच्या तोंडून पहिलं निघे ते "का बरं?" कारखान्याच्या खिडक्या एवढ्या उंचावर का बरं? बेंच सगळ्यांना एकाच उंचीचं का बरं? एका फोरमनने एकदा वैतागून "आले बघा काबरेसाहेब" म्हटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे तर त्यांच्या खऱ्या नावाने आलेलं एक पत्र शिपायाने "या नावाचं इथे कोणी नाही" असं सांगून परत पाठवलं होतं.

कारखाना रणगाड्यांचे भाग बनवायचा. रणगाड्याची ती अवजड तोफ वर-खाली व्हायला तेलाच्या दाबावर चालणारी नळकांडी लागतात, त्यांचे व्हॉल्व्ह लागतात, ते सगळं इथे व्हायचं. वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस. तिथे पांढरे कोट, तिरकी टेबलं, टोकदार पेन्सिली. खाली शॉप, म्हणजे यंत्रशाळा: लोखंड फिरवून कापणाऱ्या लेथची रांग, तेल आणि लोखंडाचा कीस. वरच्यांचा जिना वेगळा, खालच्यांचा वेगळा. जेवायच्या खोल्याही दोन.

काबरे नवे होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी एका व्हॉल्व्हचं ड्रॉइंग काढलं, एवढं देखणं की वरिष्ठांनी ते चार जणांना दाखवलं. खाली गेल्यावर मात्र लागोपाठ तीन जॉब, म्हणजे घडवायला घेतलेले तुकडे, वाया गेले. चौथ्या दिवशी खालचा एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कामगार, त्या निषिद्ध जिन्याने वर आला आणि त्याने तेलकट हाताने तो बिघडलेला जॉब काबरेंच्या स्वच्छ कागदावर ठेवला. त्याला सगळे अण्णा म्हणत. पस्तिशीचा असेल तेव्हा, पण केस तेव्हाच अर्धे पिकलेले.

"साहेब, हा आतला कोपरा तुम्ही पेन्सिलीने काढलात," अण्णा म्हणाले. "मला तो हत्याराने काढायचाय. हत्यार आत जाणार कुठून? आभाळातून?"

काबरे लाल झाले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, जॉबकडे पाहिलं. मग ते उठले आणि अण्णांच्या मागोमाग खाली गेले. त्या दिवशी ते खालच्या खोलीत जेवले, आणि पुढे कायमच खालीच जेवत राहिले. वरच्या मंडळींनी नाकं मुरडली, खालच्यांना वाटलं हा साहेबांचा कान आहे. वर्षभर दोन्हीकडे त्यांची अवस्था ना घर का ना घाट का अशी होती. पण लेथवर हात कसा ठेवायचा, आवाज बदलला की काय समजायचं, हे ते अण्णांकडून शिकले. ड्रॉइंगं कमी देखणी झाली आणि जॉब वाया जायचे थांबले.

युनियनचं वेड त्यांना लागलं ते इथूनच. वरच्यांची संघटना वेगळी, खालच्यांची वेगळी, आणि कंपनी दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडून मजा बघे. काबरे सहा वर्षं दोन्हीकडचे उंबरे झिजवत राहिले. अखेर दोन्ही संघटना एक झाल्या, आणि चिटणीस म्हणून सगळ्यांनी त्यांच्याच गळ्यात घोंगडं अडकवलं.

मग कंपनीत संगणकावर चालणारा लेथ आला. तो निवडणाऱ्या समितीत काबरे स्वतः होते. अचूकता, वेग, सगळं तपासून त्यांनीच सही केली होती. तीन-चार महिन्यांनी ते शॉपमध्ये गेले, तर अण्णा त्या नव्या यंत्रासमोर स्टुलावर बसलेले. हिरवं बटण, लाल बटण, एवढंच काम.

"कसं चाललंय अण्णा?"

"छान. चोवीस वर्षं उभा होतो, आता बसायला स्टूल मिळालं. बसल्यापासून पाठ धरलीय." अण्णा यंत्राकडे बघत होते. "पूर्वी घरी गेलं की बायकोला सांगायला काहीतरी असायचं. आज अमुक जॉब फार नखरे करत होता वगैरे. आता काय सांगू? हिरवं बटण दाबलं?"

काबरेंच्या काळजाला ते लागलं, कारण अण्णांनी ते दोष देऊन म्हटलं नव्हतं. पुढचे आठ महिने ते आणि अण्णा सुटी झाल्यावर त्या यंत्राच्या मागे लागले. कल्पना साधी होती. ऑफिसातून लिहून आलेल्या हुकमावर यंत्राने चालायचं, त्याऐवजी टर्नरने पहिला जॉब स्वतः हाताने करायचा. कुठे जोर दिला, कुठे हात आखडता घेतला, हे सगळं यंत्राने लक्षात ठेवायचं आणि पुढचे शंभर जॉब तसेच करायचे. कंटाळा यंत्राचा, कसब माणसाचं.

चाचणीच्या दिवशी एक अवघड जॉब दोन्ही पद्धतींनी करून पाहिला. ऑफिसातून लिहून आलेला हुकूम दुरुस्त होता होता नऊ दिवस गेले. अण्णांनी यंत्राला तोच जॉब एका सकाळीत शिकवला. काबरे अहवाल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब कंपनीचे संचालक. माणूस शांत, मृदू बोलणारा, कधी आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता.

"उत्तम काम आहे," साहेब म्हणाले. "पण आम्ही हे घेणार नाही."

"का बरं?"

"अण्णा उद्या सोडून गेले तर? कसब यंत्रात असलं तर ते कंपनीचं. माणसाच्या हातात असलं तर कंपनी त्या माणसावर अवलंबून राहणार."

"आणि तो माणूस एवढी वर्षं कंपनीवर अवलंबून आहे, ते चालतं?"

साहेब हसले आणि त्यांनी अहवाल मिटवला. पायऱ्या उतरताना काबरेंना पहिल्यांदा नीट कळलं, की आजवर आपण यंत्रं किती वेगाने चालतात हेच तपासत आलो. ती कोणासाठी चालतात, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

दोनेक वर्षांनी रणगाड्यांची मागणी निम्म्यावर आली. नऊशेपैकी साडेतीनशे माणसं कमी करणार, अशी नोटीस फलकावर लागली. सभेत आरडाओरडा झाला. एकाला संप हवा होता, दुसऱ्याला घेराव, तिसरा म्हणत होता मंत्र्याला भेटू. काबरेंनी सगळं ऐकून घेतलं आणि ते टेबलावर चढले.

"लढायचं तर आहेच," ते म्हणाले. "पण साहेब म्हणतात काम संपलं. जगातली कामं संपली का? आपण फक्त 'काढू नका' म्हणत राहतो. 'हे बनवू द्या' असं का बरं म्हणत नाही?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काय बनवू? खेळणी?"

"खेळणी तर खेळणी. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद पडला. त्यावर दोनच प्रश्न होते. तुमच्या हातांना काय काय करता येतं, कंपनी करून घेते तेवढंच नाही, सगळं? आणि तुमच्या घरात, गल्लीत कशावाचून माणसांचं अडतंय?

सहाशेवर कागद भरून परत आले. काहींनी गंमत केली होती: "फोरमनच्या तोंडाला बसवायचा व्हॉल्व्ह, एकेरी, बंदच राहणारा." पण बाकीचे वाचताना काबरे थक्क झाले. एक वेल्डर घरी बासऱ्या बनवत होता. एक फिटर बहिऱ्या मुलीसाठी दाराला दिव्याची घंटा लावून बसला होता. एकाने गल्लीतल्या हातपंपाचं असं वर्णन केलं होतं, की काबरेंनी लगेच पेन्सिल उचलली. एक कागद त्यांनी घरीही नेऊन टेबलावर ठेवला होता. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, उत्तरं थोडक्यात लिहायची सवय. घरात कशावाचून अडतंय, या प्रश्नापुढे तिने एकच शब्द लिहिला होता: "नवरा."

काबरे ते वाचून ओशाळले. पण त्याहून ओशाळवाणं पुढे घडायचं होतं.

वरचा मजला झाडायला एक बाई यायची. सगळे तिला मावशी म्हणत. ती कंत्राटदाराची माणूस, म्हणून हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. एका सकाळी ती काबरेंच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. हातात कचऱ्याच्या डब्यातून काढून, हाताने सारखा केलेला एक चुरगळलेला कागद.

"साहेब, यात काय लिहायचं असतं?"

काबरेंनी सांगितलं.

"मग मला का नाही दिला?"

जन्मभर दुसऱ्यांना 'का बरं' विचारणाऱ्या माणसाला आज तोच प्रश्न कोणीतरी विचारला होता. त्यांनी खुर्ची ओढून मावशीला बसवलं आणि स्वतः नवा कागद घेतला. "सांगा. मी लिहितो."

"हातांना काय, सगळंच येतं," मावशी म्हणाली. "अडतंय ते सांगते. माझी सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय. दिवसातून सहा वेळा उचलावं लागतं. मी कामाला आले की शेजारीण बघते. माझ्या कमरेचा पार भुगा झालाय. तुम्ही म्हणे एवढी मोठी तोफ बोटाने वर-खाली करता. माझी सासू बेचाळीस किलोची आहे. तेवढी उचलून द्या की."

काबरेंनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले.

सासूला उचलायची पहिली खुर्ची त्यांनी अगदी जोशात बनवली. छोटं नळकांडं, त्यावर एक लोखंडी हात, हाताला कापडी झोळी. अण्णा आणि दोन वेल्डर मदतीला होते. रविवारी ते धूड मावशीच्या घरी नेलं तेव्हा ते दारातून आतच जाईना. दोन बोटं जास्त होतं. दाराचं माप काबरेंनी पुस्तकातून घेतलं होतं.

"आता काय, दार पाडू?" मावशी हसून म्हणाली.

अण्णांनी बघायचं तसं बघितलं. काबरेंनी खिशातून टेप काढला आणि दार, पलंग, पलंग आणि भिंत यांच्यातली चिंचोळी जागा, खिडकीची उंची, सगळं गुडघ्यावर बसून मोजलं.

दुसरी खुर्ची आत गेली. मावशीच्या सासूला, म्हणजे आजींना, झोळीत बसवलं, काबरेंनी पंप मारायला सुरुवात केली, आजी अलगद वर उचलल्या गेल्या. सगळ्यांचे चेहरे खुलले. तेवढ्यात आजी किंचाळल्या.

"उतरवा! आधी खाली उतरवा मला!"

"दुखलं का आजी?"

"दुखत नाही काही." आजींचा श्वास वर-खाली होत होता. "मी काय सिमेंटचं पोतं आहे? सून उचलायची तेव्हा निदान 'उचलू का' म्हणून विचारायची. तुम्ही दांडा हलवला की मी वर, तुम्ही थांबलात की मी लोंबकळत. नको मला असलं काही."

काबरे आणि अण्णा बसने परत निघाले. कारखान्याच्या थांब्यापाशी अण्णा म्हणाले, "म्हातारीचं म्हणणं ऐकलं का? तिला पण स्टुलावर बसवल्यासारखं झालं."

"दांडा तिच्या हातात हवा," काबरे म्हणाले.

पण आजींच्या हातात जोर तो किती? उजव्या हाताची दोन बोटं धड चालत. पंप मारणं शक्यच नव्हतं. मग काबरेंना तोफेच्या यंत्रणेतली दाब साठवणारी टाकी आठवली. तीच त्यांनी कमंडलूएवढी लहान केली. मावशीने सकाळी कामाला निघण्यापूर्वी वीस वेळा पंप मारायचा, दिवसभराचा दाब साठून राहायचा. नंतर आजींनी दोन बोटांनी छोटा खटका दाबला की वर, सोडला की थांबायचं, उलट दाबला की खाली. विजेची गरज नाही. खरा प्रश्न खटक्याच्या आतल्या व्हॉल्व्हचा होता. तो किंचित जास्त उघडला तर आजींना हिसका बसला असता. अण्णांनी हाताच्या लेथवर अकरा व्हॉल्व्ह काढले, प्रत्येकाचा उतार केसभर वेगळा. कुठला बरोबर हे कुठल्याच कोष्टकात सापडणार नव्हतं. तपासनीस म्हणून आजींनाच नेमलं.

"हा धक्का देतो," आजी म्हणत. "हा फार आळशी आहे." "हा बरा, पण उतरताना घाई करतो." अण्णा प्रत्येक शेरा मान डोलवून ऐकत आणि व्हॉल्व्ह परत नेत. कारखान्यातल्या एकाही तपासनिसाचं त्यांनी असं ऐकलं नव्हतं.

नववा व्हॉल्व्ह बसवला तेव्हा आजींनी खटका दाबला. वर आल्या. मध्येच थांबल्या. थोड्या खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. मावशी सवयीने पुढे झाली आणि सासूच्या काखेत हात घालायला वाकली.

"राहू दे गं," आजी म्हणाल्या. "तू तुझं काम कर." आणि स्वतःला खिडकीच्या उंचीवर आणून त्या बाहेर बघत राहिल्या. रस्त्यावरून कोणी सायकलवर चाललं होतं. दोन वर्षांत त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. मावशी तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

युनियनने चाळीस वस्तूंची यादी ड्रॉइंगांसह कंपनीपुढे ठेवली. पहिल्या क्रमांकावर आजींची खुर्ची होती. मोठ्या साहेबांनी ती दोन आठवडे ठेवून घेतली आणि मृदू आवाजात सांगितलं, "आपण इस्पितळाचं सामान बनवणारी कंपनी नाही." कंपनीचं लोखंड आणि कागद खासगी कामासाठी वापरल्याबद्दल काबरेंना निलंबनाचं पत्रही मिळालं. तेव्हा मात्र नऊशे माणसं यंत्रं बंद करून जागेवर बसून राहिली, वरची आणि खालची, सात दिवस. तडजोड झाली. साडेतीनशेऐवजी एकशेचाळीस जण जाणार होते. त्या यादीत पहिलं नाव काबरेंचं होतं आणि चौथं अण्णांचं.

काबरे पत्र घेऊन घरी आले तेव्हा भरदुपार होती. बायको वह्या तपासत होती. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "चला, म्हणजे मी कागदावर मागितलं होतं ते मिळालं म्हणायचं." मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि वह्या बाजूला सारल्या. "अहो, रडायचं असेल तर रडून घ्या. मी दार लावते." काबरे रडले. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकांना सांगितलं, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

ते मिळणं काही फार टिकलं नाही. शहरातल्या इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेने ती खुर्ची मावशीच्या घरी येऊन पाहिली. परिचारिकांच्याही कमरा मावशीसारख्याच झालेल्या होत्या. त्यांच्या संघटनेने नगरपालिकेत असा धोशा लावला, की वर्षभरात बस दुरुस्तीची एक जुनी शेड काबरेंच्या मंडळींना मिळाली. कामावरून गेलेल्यांपैकी चौदा जण आले. अण्णांनी स्वतःचा लेथ स्वतः निवडला. मावशीने झाडू सोडला. कुठल्याही घरासाठी खुर्ची बनवायची तर आधी मावशीने तिथे जायचं, दार मोजायचं, माणसाशी बोलायचं, असा नियम झाला. मापं लिहिता यावीत म्हणून ती काबरेंच्या बायकोकडे आकडे आणि अक्षरं शिकली. तिच्या नोंदी अशा असत: "दार ठीक. म्हातारा रागीट. डावखुरा." ड्रॉइंगं मागेल त्याला फुकट मिळत. हक्क राखून ठेवायचा सल्ला देणाऱ्या वकिलाला काबरेंनी "का बरं?" असं विचारून अर्धा तास बसवून ठेवलं होतं.

हा माणूस निर्दोष होता असं नव्हे. शेडमधला प्रत्येक निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. एकदा सांगाड्याला रंग कुठला द्यायचा यावर सहा आठवडे बैठका झाल्या. अण्णा त्यात बिनधास्त डुलक्या काढत. इस्पितळातल्या परिचारिकांनी विजेवर चालणारी खुर्ची मागितली तेव्हा काबरेंनी दोन वर्षं तत्त्व म्हणून नकार दिला. शेवटी मुख्य परिचारिका शेडमध्ये येऊन उभी राहिली. "माझ्या वॉर्डात तीस रुग्ण आहेत. मी वीस-वीस वेळा पंप का बरं मारायचा?" शेडमध्ये खसखस पिकली. काबरे गोरेमोरे झाले, आणि त्याच आठवड्यात मोटर आली. खटका मात्र रुग्णाच्या हातातच राहिला.

शेड अजून चालू आहे. काबरे आता सत्तरीच्या पुढे गेलेत, लेथवरून अण्णा उठून बरीच वर्षं झाली. खुर्ची पोचवायला जाताना मावशी काबरेंना अजूनही सोबत नेते. गेल्या महिन्यात एका निवृत्त पोस्टमनकडे ते दोघं गेले. तिसरा मजला, जिना अरुंद, आणि प्रत्येक वळणावर दोघांचं भांडण. "डावीकडे घ्या म्हटलं ना!" "अहो मावशी, माझी डावी की तुमची?" पोस्टमन अंगाने चांगला भरलेला होता, आयुष्यभर चालून आता दोन्ही पाय गेलेले. मावशीने त्याला खटका दाखवला आणि ती हात मागे बांधून उभी राहिली.

"किती वर जातं हे?" पोस्टमनने विचारलं.

"तुम्हीच बघा की," काबरे म्हणाले.

पोस्टमनने खटका दाबला. पलंगाच्या वर आला, टेबलाच्या वर आला, थांबायचं नाव घेईना. त्याची बायको घाबरून पुढे आली, मावशीने तिला दंडाला धरून थांबवलं. पोस्टमन पार शेवटपर्यंत गेला, त्याने मान उंच करून इकडे तिकडे पाहिलं.

"अगं," तो वरून म्हणाला, "कपाटावर केवढी धूळ साचलीय!"

"उतरा आधी खाली," बायको म्हणाली. "कपाट पुसायला आलेत मोठे!"

पोस्टमन काही लगेच उतरला नाही. काबरे पलंगाच्या काठावर टेकले, आणि तिघंही त्याची वाट बघत हसत बसली.